सहाला सात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बातम्यांच्या शेवटी डॉलरचा भाव सांगतात. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डॉलर कधी हातात घेतलेला नसतो, तरी रुपया घसरला म्हटले की जिवाला थोडी काळजी लागतेच. माझ्या लहानपणी आमच्या घरातही असा एक भाव बोलला जायचा. तो डॉलरचा नव्हता आणि पौंडाचाही नव्हता. रुपयाचा रुपयाशी असलेला तो भाव होता. ‘सहाला सात.’ मी जन्मलो तेव्हा हा भाव व्यवहारातून जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती, पण दादीच्या तोंडून काही तो गेला नव्हता. बाजारातून काही आणले आणि किंमत सांगितली की ती हसून विचारायची, “हाली की कलदार?”

हाली म्हणजे हैदराबादच्या निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. आमचे घर शेवगावचे, म्हणजे इंग्रजी मुलखातले. दादीचे माहेर गोदावरीपलीकडे, पैठण तालुक्यात, म्हणजे निजामाच्या मुलखातले. मधे नदीचे पात्र. एका काठावरचा रुपया दुसऱ्या काठावर गेला की त्याचे वजन तेच राही, किंमत मात्र बदले.

इथे एक खुलासा करतो. आजच्या अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ‘निजाम’ म्हटले की पुष्कळांची गल्लत होते. आपल्या नगरची निजामशाही वेगळी. ती मलिक अहमदने १४९० मध्ये स्थापली आणि १६३६ मध्ये ती संपली. हैदराबादच्या निजामाचे घराणे त्यानंतरचे, १७२४ पासूनचे. या दुसऱ्या निजामाचे राज्य आपल्या जिल्ह्याला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भिडलेले होते. कोपरगाव, नेवासे, शेवगाव या बाजूला गोदावरी ही सीमा. पाथर्डी आणि जामखेडकडे तर नदीही नव्हती. जामखेड तालुक्यातली काही गावे निजामाच्या मुलखात बेटासारखी अडकलेली होती. बांधाच्या अलीकडे कलदार आणि पलीकडे हाली, अशी तिथली स्थिती. याच जामखेड तालुक्यात खर्डा आहे. ११ मार्च १७९५ रोजी तिथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि तीन कोटी रुपयांचा करार झाला. त्या लढाईच्या मुळाशीही थकलेल्या चौथाईचा पैसाच होता.

रुपयांचे हे दुहेरीपण आपल्या आजोबा-पणजोबांना नवलाचे वाटत नसे, कारण त्याआधीची स्थिती याहून गुंतागुंतीची होती. पेशवाईत अंकुशी रुपया होता, चांदवडी होता. चौंडीच्या लेकीच्या, अहिल्याबाई होळकरांच्या, महेश्वरच्या टाकसाळीतला बेलपान आणि शिवलिंग असलेला रुपया होता. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळे आणि म्हणून भावही वेगळा. बाजारात बसलेला सराफ नाणे वाजवून, घासून बघायचा आणि झीज, भेसळ, दूरची टाकसाळ या सगळ्याचा हिशेब करून काही रक्कम कापून घ्यायचा. ही कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ना, तो हाच. नाणे बदलण्याची मजुरी ती वटणावळ. हुंडीची ती हुंडणावळ. आज चेक ‘वटवतो’ तेव्हा आपण त्या सराफाचाच शब्द वापरत असतो. खजिन्यात नाणी पारखणारा तो पोतदार. त्याचे आडनाव राहिले, काम गेले.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तो यंत्रावर पाडलेला असे. ‘कल’ म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार. कडा गोल, छाप स्वच्छ. खेड्यातल्या माणसालाही तो डोळे मिटून ओळखता येई.

‘हाली’चा अर्थ सध्याचा, चालू. हालीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव असे. बादशाही संपली आणि नाव कोणाचे घालायचे हा प्रश्न आला. तेव्हा सालारजंग दिवाण होते. नाण्यावर निजाम-उल-मुल्क आसफजाह हे नाव आले आणि सोबत ९२ हा आकडा. कवी म्हणून मला या आकड्याचे फार अप्रूप आहे. अरबी-फारसी अक्षरांना संख्येचे मोल असते. मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४०, दाल ४. बेरीज ९२. ‘मुहम्मद’ या नावाची ही बेरीज. बादशहाच्या जागी पैगंबरांचे नाव आले, तेही आकड्यात.

मग हाली आणि कलदार यांच्यात भाव कसा ठरायचा? सुरुवातीला ठरवायचे चांदी. जितकी चांदी तितके मोल. पण १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून आणू शके. दार बंद झाल्यावर कलदार चांदीच्या भावापासून सुटला आणि पुढे एका पौंडाला पंधरा रुपये या दराशी बांधला गेला. जगात चांदी स्वस्त होत होती. कलदार वर राहिला आणि चांदीला चिकटलेला हाली खाली घसरला. सीमेवरच्या माणसाच्या दृष्टीने विचार करा. त्याने काही केले नव्हते, विकले नव्हते, घेतले नव्हते. दूर कुठे कायदा झाला आणि गाडग्यात ठेवलेल्या त्याच्या रुपयांची पलीकडच्या काठावरची किंमत उतरली.

हैदराबादलाही मग आपल्या टाकसाळीवर नियंत्रण आणावे लागले. १९०३-०४ च्या सुमारास चारमिनारचे चित्र असलेला नवा यांत्रिक रुपया आला. पुढे मीर उस्मान अली खान निजाम झाल्यावर चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचे पहिले अक्षर, ‘ऐन’, आले आणि नाण्याला उस्मानिया सिक्का म्हणू लागले. लोकांच्या तोंडी मात्र हालीच राहिले. दर स्थिरावला तो १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. एवढा लांबलचक आकडा कोण लक्षात ठेवणार? लोकांनी त्याचे सोपे रूप केले. सहाला सात.

मी मोठेपणी एकदा कागद घेऊन बसलो. कलदार रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. भागाकार केला तर उत्तर जवळजवळ सहा भागिले सातच येते. आमच्या दादीला अंकगणित येत नव्हते, पण तिच्या तोंडातला भाव चांदीच्या काट्याशी जुळत होता.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये हैदराबादने कायदा करून कागदी नोटाही काढल्या. त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे. १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली आणि हे चलन तिच्याकडे आले. तीच पुढची स्टेट बँक ऑफ हैदराबाद, जी २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

हा झाला सरकारी इतिहास. माणसांनी हा भाव कसा वापरला ते मला घरातूनच कळले. आजोबा मणियार. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून शेवगाव, बोधेगाव, पाथर्डी, मढीची यात्रा आणि नदी ओलांडून पैठण असा त्यांचा फेरा असे. कमरेला दोन कसे. उजवीकडच्या कशात कलदार, डावीकडच्या कशात हाली. अलीकडे सहा आण्यांना डझन असलेल्या बांगड्या पलीकडे सात आण्यांना. तिथपर्यंत हिशेब सरळ. घोटाळा व्हायचा तो एका आण्याच्या मालाला. कलदार एक आणा म्हणजे हाली चौदा पै, आणि आणा तर बारा पैंचा. गिऱ्हाईक बाई एक आणा पुढे करायची आणि वरचे दोन पै द्यायला तयार नसायची. “आणा तो आणा, त्यात हाली-कलदार काय?” असे तिचे म्हणणे. आजोबा काही बोलत नसत. गरिबाच्या व्यवहारात बट्टा नेहमी दोन पैंचाच असतो, पण तो रोज असतो.

नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या वारकऱ्यांचेही तेच. नावेत बसण्याआधी कलदार मोडून हाली घ्यायचे, म्हणजे पलीकडे नारळ-बुक्क्याला, उताऱ्याला, दानपेटीला उपयोगी पडतील. काठावर सराफ बसलेले असत. सरकारी दर ११६ रुपये १० आणे ८ पै असला तरी सराफ शंभराला एकशे पंधराच हातावर ठेवी. येताना उरलेले हाली घेताना पुन्हा काही कापी. कापसाच्या हंगामात मराठवाड्यात शेतकऱ्याला पैसे द्यायला व्यापाऱ्यांना हाली हवे असत, तेव्हा हालीचा भाव थोडा चढे. हंगाम सरला की उतरे. आजोबा पावसाळ्याच्या तोंडाला हाली साठवून ठेवत आणि दिवाळीनंतर मोडत. दादी म्हणायची, तुझ्या दादाची सगळी अक्कल एवढीच.

या दोन रुपयांमध्ये आमच्या घरातला सर्वांत मोठा व्यवहार झाला तो त्यांच्या लग्नात, १९३१ साली. आमच्याकडे निकाहाच्या वेळी मेहर ठरते. नवऱ्याने बायकोला द्यायची ती रक्कम असते आणि तो तिचा हक्क असतो. निकाहनाम्यात ती रक्कम लिहून पुढे सहसा ‘सिक्का-ए-राइज-उल-वक्त’ असे शब्द घालतात. म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या नाण्यात. वर्षानुवर्षे लिहिले जाणारे हे शब्द. त्यांवर कोणी वाद घालत नाही. पण त्या दिवशी काझीसाहेबांनी कलम उचलली आणि विचारले, चालू नाणे कोणते? नदीच्या या काठावरचे की त्या काठावरचे?

मेहर ठरली होती एकशे चाळीस. मुलीकडचे म्हणाले, मुलगी इंग्रजी मुलखात नांदायला चालली, तर तिथले नाणे धरा. मुलाकडचे म्हणाले, निकाह इथे होतोय, तर इथले धरा. फरक वीस कलदारांचा. एकशे चाळीस हाली म्हणजे एकशे वीस कलदार. बांगड्या विकणाऱ्या माणसाला वीस रुपये म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. शेवटी म्हाताऱ्यांनी मध्यस्थी केली आणि कागदावर ‘हाली’ लिहिले गेले. दादीला आत जाऊन विचारले तेव्हा सांगितले ते फक्त ‘एकशे चाळीस’. तिने कबूल म्हटले. नाव नदी ओलांडून अलीकडे आली आणि ते एकशे वीस झाले. जन्मभर ती आजोबांना चिडवायची, “नदी उतरी और मेरे बीस रुपये डूब गये.”

मग ते वर्ष आले जेव्हा ही थट्टा राहिली नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान सामील झाले नाही. नोव्हेंबरात जैसे थे करार झाला आणि काही आठवड्यांतच संस्थानाने फर्मान काढले की भारतीय चलन आपल्या हद्दीत कायदेशीर नाही. तोवर दोन रुपये हे दोन मालकांचे होते, पण एकमेकांचे शत्रू नव्हते. आता खिशात कोणता रुपया आहे यावरून माणूस कोणाचा हे ठरू लागले. त्यात रझाकारांची दहशत. पलीकडून बायकामुले घेऊन लोक आपल्या जिल्ह्यात येऊ लागले.

आजोबांच्या कमरेला तर दोन्ही कसे. पलीकडच्या नाक्यावर त्यांना विचारले, कलदार कशाला बाळगतोस? परत आले तर अलीकडच्या नाक्यावर विचारले, हाली कशाला बाळगतोस? त्यातून नाव मुसलमानाचे. दोन्हीकडे त्यांचे उत्तर एकच होते, “बांगड्या विकतो, साहेब.” त्यानंतर त्यांनी नदी ओलांडणे सोडले. दादीला जवळजवळ वर्षभर माहेर दिसले नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर पहिली नाव सुटली तेव्हा दादी तिच्यात होती. बरोबर काय नेले होते, असे मी विचारले, तर म्हणाली, “दोन्ही रुपये.”

राज्य संपले म्हणून रुपया लगेच संपला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९५० मध्ये हैदराबादेत भारतीय रुपया अधिकृतपणे आला आणि सहाला सात याच भावाने हाली त्याच्या शेजारी चालत राहिला. त्याच वर्षी एकमेकांत अडकलेल्या बेटासारख्या गावांची अदलाबदल होऊन जिल्ह्यांच्या सीमाही सरळ झाल्या. १९५१ नंतर नवे हाली निघणे थांबले. १९५७ मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९५९ मध्ये हाली पूर्णपणे चलनातून गेला. म्हणजे लोकांना नाणे बदलून घ्यायला बरीच वर्षे मिळाली. पगार, शेतसारा, कर्जे, ठेवी यांचा सांधा त्यात जुळवून घेता आला.

असे सगळीकडे झाले नाही. फाळणीनंतर भारताचा आणि पाकिस्तानचा रुपया बरोबरीचा होता. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने पौंडाबरोबर आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. रातोरात त्यांचे शंभर रुपये म्हणजे आपले एकशे चव्वेचाळीस. आपल्याला तो दर मान्य नव्हता आणि दोन देशांमधला व्यापारच ठप्प झाला. पाकिस्तानने १९५५ मध्ये अवमूल्यन केले तेव्हा पुन्हा बरोबरी आली. ताग पिकवणारा शेतकरी एकीकडे, तागाच्या गिरण्या दुसरीकडे, आणि मधे रुपयाला रुपया ओळखेना. हालीचा शेवट त्या मानाने शांतपणे झाला, असेच म्हणावे लागेल.

आता घरातला शेवटचा हिशेब सांगतो. १९६२ मध्ये आजोबा अंथरुणाला खिळले. मेहर दिलेली नव्हती. पुष्कळ घरांत ती दिली जात नाही. शेवटी बायकोकडून माफ करून घेतात. आजोबांना माफी नको होती. त्यांनी पेटीतला निकाहनामा काढायला सांगितला. माझे अब्बा तेव्हा चोवीस वर्षांचे, शाळेत मास्तर. त्यांनी कागद वाचला. एकशे चाळीस हाली. हाली तर बंद झालेले. त्यांनी पेन्सिलीने खाली मांडणी केली, सातने भागले, सहाने गुणले. उत्तर १२०. कायद्याने, हिशेबाने, सरकारी दराने बरोबर उत्तर.

आजोबा म्हणाले, “तिने कबूल म्हटले तेव्हा तिच्या कानावर एकशे चाळीस पडले होते. तेवढेच दे.”

दादीने एकशे चाळीस रुपये दोनदा मोजून घेतले. काही बोलली नाही, पण वीस रुपये नदीत गेल्याची थट्टा तिने त्यानंतर कधी केली नाही.

मी हे आजही मनात मोजतो. १९३१ च्या एकशे चाळीस हाली रुपयांत सव्वा किलोहून जास्त चांदी होती. १९६२ च्या एकशे चाळीस रुपयांत तेवढी चांदी आली नसती, आणि त्या रुपयात तर चांदीचा कणही नव्हता. तो निकेलचा होता. सहाला सात हा भाव शेवटच्या दिवसापर्यंत टिकला, पण ज्या दोन रुपयांमध्ये तो होता ते दोन्ही रुपये बरोबरीने खाली गेले. एका नाण्याच्या शेजारी दुसरे किती उंच आहे एवढेच भाव सांगतो. दोघे उभे आहेत ती जमीन खचते आहे की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून डॉलरचा भाव ऐकताना मी घाबरतही नाही आणि खूशही होत नाही. आपल्या रुपयात किती ज्वारी येते, ते आधी पाहतो.

दादीचे माहेर आता नकाशावर नाही. १९७६ मध्ये पैठणचे धरण पुरे झाले आणि नाथसागराच्या पाण्याखाली काठावरची गावे गेली. ज्या घाटावर सराफ बसायचे तोही गेला. निकाहनामा मात्र माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडला आहे. वर काझीसाहेबांच्या उर्दू अक्षरात ‘हाली’. त्याखाली अब्बांच्या पेन्सिलीतली मांडणी आणि १२०. आणि त्याच्याही खाली आजोबांनी थरथरत्या हाताने लिहिलेले दोनच शब्द आहेत : ‘१४० अदा’.